८ इंची डॉबमधून मंद प्लॅनेटरी नेब्युला: फिल्टर कोणता, सुरुवात कुठून?

तिकोना_डॉब
नमस्कार मंडळी. दुर्बीण ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची), एफ/६ (फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास), फोकल लेंथ १२०० मिमी. आयपीस (डोळ्याकडची भिंगं) सोबत आलेल्या दोनच, २५ आणि १० मिमी. एम ५७ आणि एम २७ हे प्लॅनेटरी नेब्युला (मरत्या ताऱ्याने बाहेर फेकलेले वायूचे ढग) सहज सापडतात. हेलिक्स (एनजीसी ७२९३) आणि तिमिंगल तारकासमूहातला एनजीसी २४६ मात्र नकाशातली जागा अचूक धरूनही दिसत नाहीत. हेलिक्सची प्रत (तेज मोजायचा आकडा, लहान तितकं तेज जास्त) ७.३ आणि एम ५७ ची ८.८ देतात, म्हणजे हेलिक्स आधी दिसायला हवा ना? जागा वांगणी, कधीमधी भंडारदरा. एकच फिल्टर परवडणार आहे: यूएचसी की ओ-थ्री (दोन्ही तेजोमेघांच्या ठरावीक रंगांचाच उजेड सोडणारे)? हिवाळ्यासाठी लक्ष्यंही सुचवा.

मीनास्य
प्रतीचा आकडा इथे फसवतो. सगळा उजेड एका बिंदूत गोळा केला तर तो किती भरेल, एवढंच तो सांगतो. हेलिक्सचा उजेड साधारण पाव अंशावर पसरलाय, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीवर. एम ५७ चा सव्वा कलेत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मावतो. ढोबळ हिशेबाने तेवढ्याच क्षेत्रफळामागे हेलिक्स पस्तीसेक पट फिका पडतो. तेव्हा यादी करताना प्रतीशेजारी आकार लिहायचाच, नाहीतर यादीला अर्थ नाही.

फिल्टर: तुमचा मतलब प्लॅनेटरींशीच असेल तर डोळे मिटून ओ-थ्री. या तेजोमेघांचा डोळ्याला दिसणारा बहुतेक उजेड ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटर या दोन रेषांत असतो, आणि अंधाराला सरावलेला डोळा ५०७ च्या आसपासच सर्वांत संवेदनशील असतो. १०-१२ नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर दोन्ही रेषा आत घेतो आणि बाकी आकाश काळं करतो. यूएचसी साधारण २५ नॅनोमीटर रुंद असतो, त्यात ४८६.१ ची हायड्रोजन-बीटाही येते. म्हणून मृगातला तेजोमेघ, लगून तेजोमेघ वगैरेंना तो बरा, पण वांगणीच्या आकाशात हेलिक्ससाठी थोडा ढिला पडतो.

घेताना एक बघा: फोटोग्राफीचे ३ नॅनोमीटरचे ओ-थ्री गळ्यात मारतात. त्यातून ४९५.९ ची रेषा कापली जाते, तारेही जवळपास गायब होतात आणि फोकस करायला काही उरत नाही. ‘व्हिज्युअल’ लिहिलेला आणि पट्ट्याचा आलेख दिलेला असेल तोच घ्या. ‘मून अँड स्कायग्लो’ छापाचे फिल्टर या कामाचे नाहीत.

काळी_चादर
वरच्याशी सहमत, पण फिल्टर उजेड वाढवत नाही, फक्त पार्श्वभूमी दाबतो, हे ध्यानात ठेवा. म्हणून तो मोठ्या एक्झिट प्युपिलवरच (आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी) लावायचा, ३ ते ५ मिमी. हिशेब सोपा: आयपीसचे मिलिमीटर भागिले एफ-रेशो. तुमची २५ मिमी ४८ पट आणि ४.२ मिमी देते, ओ-थ्रीसाठी अगदी योग्य. १० मिमी १२० पट आणि १.७ मिमी देते. तिच्यावर फिल्टर लावला की काळोखाशिवाय काही दिसत नाही आणि लोक फिल्टरला शिव्या घालतात. ३२ मिमीची घाई नको. पैसे उरले तर १५ मिमी घ्या (८० पट, २.५ मिमी), ती एनजीसी २४६ वर कामाला येईल.

छोट्या, ठळक प्लॅनेटरींचं गणित उलटं आहे. कुंभेतला एनजीसी ७००९ किंवा देवयानीतला एनजीसी ७६६२ हे अर्ध्या कलेच्या आसपासचे. ४८ पटीत ते ताऱ्यासारखे दिसतात आणि तुम्ही पुढे निघून जाता. तिथे फिल्टर काढा आणि १२० च्या पुढे जा.

हेलिक्स असा गाठा: मीनास्य (फोमलहॉट) ताऱ्यापासून वायव्येला सुमारे ११ अंशांवर, अप्सिलॉन अक्वेरीच्या पश्चिमेला जेमतेम १.२ अंश. तो ५.२ प्रतीचा तारा फाइंडरमध्ये (छोट्या शोधक दुर्बिणीत) मध्यावर आणा, २५ मिमी लावून फोकस पक्का करा, मगच फिल्टर चढवा. मग दुर्बीण हळूहळू पश्चिमेकडे सरकवा. ठिपका शोधू नका. आकाशाचा एक मोठा गोल तुकडा बाजूच्यापेक्षा किंचित उजळ वाटेल, तोच हेलिक्स. नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. स्थिर फिका डाग डोळा सोडून देतो, हलला की पकडतो. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर लक्ष्याच्या थोडी उजवीकडे ठेवा, म्हणजे लक्ष्य नाकाच्या बाजूला येईल. उलट केलंत तर ते अंधबिंदूत जाऊ शकतं. डोक्यावर काळं कापड घ्या, मोबाईल खिशात. लाल केलेला पडदासुद्धा बहुतेक फोनमध्ये फार उजळ असतो, छापील नकाशा बरा. डोळ्याला निदान अर्धा तास द्या.

एनजीसी २४६ साठी तिमिंगलातले फाय-१ आणि फाय-२ हे तारे घ्या. त्या दोघांच्या दक्षिणेला समभुज त्रिकोणाचं तिसरं टोक म्हणजे हा. ४ कलांची चकती, तिच्यावर बाराव्या प्रतीच्या आसपासचे काही तारे पेरलेले. ते तारे आधी दिसतात, चकती नंतर.

वद्य_दशमी
वेळेचं कुणी बोललं नाही. अमावास्या साधायचीच, पण वद्य दशमीपासून चंद्र मध्यरात्रीनंतर बराच उशिरा उगवतो, म्हणजे त्या रात्रीही कामाच्या. आश्विन अमावास्येला आकाश काळं असतं आणि हवेत फटाक्यांचा धूर, त्यामुळे लक्ष्मीपूजनाची रात्र शहरापासून लांब गेलात तरच हाती लागते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला हेलिक्स रात्री साडेआठच्या सुमारास मध्यमंडलावर (उत्तर-दक्षिण रेषेवर, सर्वांत उंच) येतो, आपल्याकडून ५० अंश उंच. लंडनहून तोच १८ अंशांवर असतो, त्यामुळे तिकडच्या लोकांच्या ‘अवघड’ शेऱ्यावर जाऊ नका. वांगणीहून मुंबई-कल्याणचा उजेड पश्चिमेकडे असतो. पावसाळ्यानंतर एम ५७, एम २७ त्याच बाजूला कलतात, ते अंधार पडल्यावर लगेच उरका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात सह्याद्रीत दव बेसुमार. डॉबचा मोठा आरसा नळीच्या तळाशी वाचतो, दुय्यम आरसा आणि टेलरॅडची (नेम धरायच्या साधनाची) काच आधी धुरकटते. मंद तेजोमेघ ‘हळूहळू नाहीसा झाला’ तर आधी दुय्यम आरशावर टॉर्च न मारता तारे बघा: त्यांच्याभोवती प्रभा दिसली तर दवच. १२ व्होल्टची हीटर पट्टी लावा, आयपीस खिशात ठेवा, फिल्टरवर श्वास सोडू नका. घरी आल्यावर सगळं उघडं ठेवून वाळवा, मग सिलिका जेलसह डबाबंद. कोकणपट्टीत बुरशी याच पायरीत शिरते.

गरुडपंख
ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या प्लॅनेटरींची एक युक्ती. ओ-थ्री आयपीसला लावू नका, डोळा आणि आयपीसच्या मधून दोन बोटांत धरून आत-बाहेर करा. सगळे तारे मंदावतात, एकच ठिपका तसाच राहतो: तोच. फिल्टर तिरका धरू नका, पट्टा निळ्याकडे सरकतो.

अवांतर: याच गुणधर्मावरून विल्यम हगिन्सने २९ ऑगस्ट १८६४ ला कालेयातल्या एनजीसी ६५४३ चा वर्णपट पाहिला. ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता सुट्या रेषा दिसल्या, म्हणजे हा वायू. त्या हिरव्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत हे १९२७ मध्ये आयरा बोवेनने सांगितलं.

तिकोना_डॉब
वाचनखूण साठवली आहे. ओ-थ्री मागवतो. फेब्रुवारीत मेड्युसा (एबेल २१) वर प्रयत्न करावा का?

काळी_चादर
भंडारदऱ्याहून करा, वांगणीहून नको. मिथुनेत, गोमेईसा ताऱ्याच्या उत्तरेला ५ अंशांवर. २५ मिमी आणि ओ-थ्री, दुसरं काही नाही. साधारण १० कलांचा आहे. पूर्ण गोल शोधू नका, आग्नेय बाजूची कोर उजळ असते, तीच आधी येते.

अडचण वेगळीच आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो रात्री सव्वाअकराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो, ८४ अंशांवर. डॉब तिथे दिगंशात (आडवी) वळतच नाही, नळी ढकलली की अख्खं बूड घसरतं. दीड-दोन तास आधी पूर्वेला किंवा तेवढंच नंतर पश्चिमेला असताना पकडा. भंडारदऱ्याहून पूर्वेला उजेड दिसत असेल तर नंतरची वेळ घ्या.