मदत हवी आहे : जुना ट्रॅक्टर एचएमटी २५११ घ्यावा की स्वराज ७२४?

वाळवा तालुक्यात आमची तीन एकर काळी जमीन असून तिच्यात हळद आणि सोयाबीन असते. नांगरट भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने होते; घरच्या ट्रॅक्टरने कुळवणी करावी, सरी सोडावी आणि शेणखताची छोटी ट्रॉली ओढावी एवढीच अपेक्षा आहे, मात्र तो मूळ रूपात जपून ठेवण्याजोगा असावा, ही मनापासूनची इच्छा आहे.

दोन ट्रॅक्टर पाहिले आहेत. पहिला एचएमटी २५११, झेटर या चेकोस्लोव्हाकियातील ट्रॅक्टर कंपनीच्या सहकार्याने हरियाणातील पिंजोरला तयार झालेला, पंचवीस हॉर्सपॉवरचा. दुसरा स्वराज ७२४, जे मॉडेल १९७४ साली बाजारात आले. एचएमटीचे बॉनेट आणि मीटर मूळचे आहेत, थंड इंजिनही लगेच सुरू होते, परंतु कल्टिव्हेटर उचलून इंजिन बंद केले की लिफ्टचे (मागचे अवजार तेलाच्या दाबाने उचलणाऱ्या यंत्रणेचे) हात काही मिनिटांतच खाली बसतात. मालकाच्या संमतीने हायड्रॉलिकचे तेल बदलून पाहिले, तरी फरक पडला नाही. स्वराजची लिफ्ट उत्तम आहे, पण बॉनेट बदललेले असून इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो, म्हणजे इंजिन झिजलेले असावे. त्यामुळे माझा कल एचएमटीकडेच आहे. दोन्हींची आरसी मालकांच्या नावावर आहे. नोंदणी नूतनीकरणाची चौकशी मी केली आहे. नवा मिनी ट्रॅक्टर कृपया सुचवू नये.

इंजिन बंद असताना हात उतरतात, म्हणजे दोष पंपात नसून सिलिंडरच्या सीलमध्ये किंवा कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये असावा. लिफ्ट न उघडता या दोहोंपैकी नेमका कोणता, हे कसे ओळखावे, आणि एचएमटीचे हे सुटे भाग सांगली-कोल्हापूर भागात अजून मिळतात का?