जिजीचा लॉज आणि उधारीची वही

नातू (पुणे): आत्याआजी, कॉलेजच्या प्रोजेक्टला आपल्या भुसावळच्या लॉजवर लिहितोय. बाबा म्हणतात दुष्काळात आणि नंतर रेल्वेच्या संपात पण आपला लॉज बंद पडला नाही. कसा काय? खोल्या तर सहाच होत्या ना?

धाकटी आत्या: सहा कुठल्या, पाच. सहावीत आपणच झोपायचो आणि गर्दी झाली की तीपण भाड्याने जायची, मग आपलं सगळं बिऱ्हाड गच्चीवर. आणि खरं सांगू का बाळा, लॉज खोल्यांवर चाललाच नाही, जिजीच्या, म्हणजे आमच्या आईच्या, स्वयंपाकावर चालला. स्टेशनजवळ झोपायला जागा कुठंही मिळायची. पण इटारसीकडची लाईन वेगळी, नागपूरकडची वेगळी, गाडी बदलायला माणसं रात्री-अपरात्री भुसावळला उतरायची, त्या वेळेला गरम भाकरी नि पिठलं आपल्याकडंच मिळणार हे लोकांना माहिती झालेलं.

नाशिकचा दादा: आणि केळीवाले व्यापारी! रावेर सावद्याला माल बघायला यायचे आणि मुक्कामाला आपल्याकडं.

भुसावळचे काका: त्याहून मोठा आधार डब्यांचा. रेल्वेतले एकटे राहणारे लोक, फायरमन, क्लीनर, महिन्याचे मेंबर होते. १९७२ ला खोल्या ओस पडल्या तेव्हा घर डब्यांवरच निघालं हे प्रोजेक्टमध्ये नक्की लिही.

नातू (पुणे): पण दुष्काळात धान्यच नव्हतं तर डबे कशाचे?

धाकटी आत्या: मिलो. रेशनवर मिळायची ती बाहेर देशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापायला गेलं की कडा फाटायच्या आणि तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. जिजीनं काय केलं, आपल्या कळण्यात, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठात, घालतात तसे उडीद थोडे दळताना मिलोत घातले, मग पीठ धरायला लागलं. चव काही फार बदलली नाही पण भाकरी अख्खी पानात पडायची, वर मिरचीचा ठेचा. आणि एक गोष्ट तिनं कधी केली नाही, घरच्यांना मिलो आणि गिऱ्हाईकाला गहू असं नाही. सगळ्यांना एकच. एक कापडाचा एजंट चिडला होता, पैसे देतो तर पोळी का नाही म्हणून, तर जिजी त्याला म्हणे भाऊ माझी पोरं पण हेच खाऊन राह्यली, चला दाखवते. तो पुढं कितीतरी वर्षं आपल्याकडंच उतरायचा.

पाण्याचं विचारूच नको. विहीर आटली, गिऱ्हाईकाला दिवसाला एकच बादली, आणि ती भरायचं काम आम्हा पोरांचं. शाळेच्या आधी घागरी, शाळेच्या नंतर घागरी. पण चादर धुतल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही, त्यात जिजी ऐकायची नाही कुणाचं, नानांचं पण नाही. गाठोडी बांधून तापीच्या डोहावर न्यायचो, तिथं पण पाणी कुठं कुठं उरलेलं.

नाशिकची वहिनी: माय वं! आम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

भुसावळचे काका: ७२ कसंतरी निघालं. खरी परीक्षा ७४ ला. ८ मेला संप लागला, वीसेक दिवस चालला, आणि आपलं गाव म्हणजे तर रेल्वेच. पहिले दोन दिवस अडकलेल्या प्रवाशांनी लॉज भरला, नंतर गाड्याच नाहीत म्हटल्यावर कोण येणार. मे महिना, भुसावळचं ऊन, रिकाम्या खोल्यांना वाळ्याचे ताटे लावलेले. केळीचा माल अडकला तेव्हा पिकलेले घड कुणी कुणी दारात आणून टाकायचं, आम्ही सकाळी केळी, दुपारी केळी. आणि डब्यांचे मेंबर सगळे संपावर, पगार बंद.

नातू (पुणे): मग डबे बंद केले का?

धाकटी आत्या: एक दिवस पण नाही. नाना म्हणाले किराणावाला आता आपल्यालाच उधार देईना, आपण दुसऱ्याला कुठून द्यायचं, त्यांचंही चुकत नव्हतं रे, पाच तोंडं घरात. पण जिजीनं वही काढली आणि प्रत्येकाच्या नावापुढं डबा लिहायला मला बसवलं, माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. नुसती डाळ नि भाकरी, भाजी नाही. आणि पकडापकडी चालू होती तेव्हा एका मेंबरची बायको दोन लेकरं घेऊन मागच्या खोलीत येऊन राहिली, तो स्वतः कुठंतरी लपलेला. पोलीस रजिस्टर तपासायला आले तर जिजी म्हणाली ही माझ्या माहेरची. रजिस्टरात त्या बाईचं नाव नाही बघ.

हॉटेलचं शिक्षण घेतोयस म्हणून सांगते, संप मिटल्यावर पगार सुरू झाले आणि लोकं स्वतःहून वहीवर पैसे भरायला आली, हप्त्यानं, कुणी पाच रुपये कुणी दहा, कुणाच्या दारात जावं लागलं नाही. नवीन मेंबर पण तेच घेऊन आले. किराणावाल्याचं त्यातूनच फिटलं. तुमच्या पुस्तकात याला काय म्हणतात मला माहिती नाही, पण लॉज त्या वहीनं वाचवला.

नातू (पुणे): वही आहे का अजून?

भुसावळचे काका: माझ्या कपाटात. तीन जणांची नावं न खोडलेली आहेत, त्यांच्या नोकऱ्या गेल्या संपात, गाव सोडून गेले. जिजीनं त्यांच्याकडं कधी मागितले नाहीत.

धाकटी आत्या: त्यांची नावं प्रोजेक्टात लिहू नको हां बाळा. बाकी पानांचे फोटो काका उद्या टाकतील, बारा पानं तर माझ्याच अक्षरातली असतील.