चैत्रात तुमच्या नदीत पाणी कुठं उरायचं?

आपल्याकडच्या बहुतेक गावनद्या दिवाळीनंतर बारीक होत जातात आणि होळीपर्यंत नुसतं पात्र उरतं. तरी त्या पात्रात पाणी कुठं सापडेल हे गावाला ठाऊक असायचं. ते कुठं, कसं, आणि आता आहे का, एवढंच लिहा. पुराच्या आठवणी नकोत, त्या सगळ्यांकडेच असतात.

सुरुवात मीच करतो. आमची माणगंगा. कुळकजाईच्या डोंगरातून निघते. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, सांगोला करत भीमेला मिळते. गावात तिला नावानं कुणी बोलवत नाही, नुसती 'नदी'. आजी वाळूत हातभर झिरा उकरायची. कडेची वाळू सारखी आत ढासळते, म्हणून बूड गेलेली एक जुनी पाटी ती आत दाबून बसवायची. पहिलं पाणी गढूळ, ते वाटीनं उपसून फेकायचं आणि गप बसायचं. मग तळातून नितळ पाणी येई. वाटी-वाटीनं घागर भरायला अर्धा तास. वरून ऊन रणरणत असलं तरी वाळूखालचं पाणी गार, कारण त्याला ऊन लागतच नाही. पुढं वाळू ट्रकांतून गेली. आता त्या जागी मुरूम आणि वेडी बाभूळ. झिरा उकरायचा कशात?

—

धुळे जिल्हा, पांझरा. आमच्याकडे फड, म्हणजे एका पाटावर भिजणारा शेतांचा गट. नदीवर जुने दगडी बंधारे, एकाखाली एक. वरच्याची गळती हेच खालच्याचं पाणी, म्हणून गळतीबद्दल कुणी कुरकुरत नसे. बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी पाटकरी देणार. शेत तुमचं असलं तरी पाटाला हात लावायचा नाही. आमचे आजोबा कुणाला भ्यायचे नाहीत, पण पाटकरी दिसला की आवाज खाली. विहिरींवर मोटारी बसल्या आणि हा दरारा गेला.

—

कोकणातही आटते हो नदी! पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण उतार असा की सगळा धावत समुद्रात. उरतं ते कोंडीत. (डोहाला आम्ही कोंड म्हणतो.) महाडजवळच्या वाळणकोंडीतले मासे देवीचे म्हणून कुणी मारत नाही. आमच्या कोंडीला देवी नव्हती, तिथे सुरुंग लावून मासे मारले.

—

निघोजला कुकडीचे रांजणखळगे बघा. भोवऱ्यात सापडलेला गोटा फिरून फिरून काळा खडक कोरतो. उन्हाळ्यात त्या रांजणांत हिरवंगार पाणी असतं. लहानपणी आम्ही बुडातले गोटे काढायचो, अंड्यासारखे गुळगुळीत. काठावरून वाकू मात्र नका, आतल्या भिंतीला धरायला काही नाही.

—

आमचं उलटंच. नदीला आता चैत्रातही पाणी असतं, कारण वरच्या गावांची गटारं तिच्यातच सोडलीत. म्हशी बसायच्या तो डोह जलपर्णीनं झाकलाय. मागच्या उन्हाळ्यात आमचं वासरू हिरवळ समजून त्यावर गेलं आणि गळ्यापर्यंत खाली. दोर टाकून चौघांनी ओढलं. साबण लावून दोनदा धुतलं, तरी वासानं तीन दिवस गोठ्यात कुणाला उभं राहवत नव्हतं.