आयसीपी (कवटीच्या आतला दाब) चढतो म्हणून सक्शन (ट्यूबमधला स्राव नळीने ओढून काढणं) टाळायचं का?

प्रश्न (नवीन स्टाफ, न्यूरो आयसीयू): डोक्याला जबर मार आणि जबडा दोन्ही बाजूंनी फ्रॅक्चर असलेला पेशंट तोंडातून घातलेल्या श्वासाच्या ट्यूबवर आहे. रक्ताळलेली लाळ सारखी येते. सक्शन केलं की आयसीपी चढतो, नाही केलं तर ट्यूब चोंदेल ही धास्ती. मला दर दोन तासांनी करायला सांगितलंय. तुम्ही कसं करता?

उत्तर (आयसीयू सिस्टर): घड्याळावर सक्शन करू नकोस गं. स्टेथो लाव, खरखर ऐक, व्हेंटिलेटरचं पीक प्रेशर (हवा आत ढकलताना लागणारा सर्वाधिक दाब) वाढतंय का, सॅच्युरेशन घसरतंय का ते बघ. गरज दिसली की मात्र थांबायचं नाही. ऑक्सिजन कमी पडला आणि कार्बन डायऑक्साइड साठला, तर मेंदूला सक्शनपेक्षा कितीतरी जास्त इजा होते.

आधी १०० टक्के ऑक्सिजन दे. कॅथेटर (सक्शनची बारीक नळी) ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. एक खेप १०-१५ सेकंदांत संपव आणि आयसीपी खाली आल्याशिवाय दुसरी घेऊ नकोस. सक्शनआधी ट्यूबमध्ये सलाईन सोडायची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे, ती मला अजिबात पटत नाही. त्याने खोकला हमखास उठतो आणि खोकल्याने आयसीपी चढतो. आयसीपी फारच उसळत असेल तर सेडेशनबद्दल (गुंगीच्या औषधाबद्दल) डॉक्टरांना आधीच विचार.

तोंडातलं रक्त वेगळ्या यांकरने (तोंडासाठीची कडक सक्शन नळी) काढ, टाके आणि सैल दात सांभाळून. डोकं ३० अंश वर, मान सरळ. ट्यूबची टेप मानेभोवती आवळली तर शिरांतून रक्त उतरत नाही आणि आयसीपी त्यानेही चढतो. चेहरा सुजत जातो, त्यामुळे सकाळी नीट असलेली टेप संध्याकाळी काचते. प्रत्येक शिफ्टला बोट घालून बघ, ओठाजवळचा सेंटीमीटरचा आकडा लिही आणि कफ प्रेशर (ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्यातला दाब) २० ते ३० सेंटीमीटर पाण्याच्या आत ठेव. असल्या चेहऱ्यात निघालेली ट्यूब परत घालणं फार अवघड असतं.

उत्तर (ट्रॉमा वॉर्ड, ब्रदर): नाकातून काहीही घालू नका. कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर नाही हे नक्की होईपर्यंत सक्शन कॅथेटर नाही, राइल्स ट्यूबही (पोटात जाणारी नळी) नाही. ती तोंडातून घालतात. नाकातून किंवा कानातून पातळ पाणी, डोळ्यांभोवती काळंनिळं दिसलं तर लगेच कळवा, ती त्याच फ्रॅक्चरची लक्षणं असू शकतात.

प्रश्नकर्ती: टेप आत्ताच पाहिली, कानामागे रुतली होती. दोघींनी मिळून, एकीने ट्यूब धरून, सैल केली. जबडा तारेने बांधल्यावर वेगळं काय ठेवायचं?

उत्तर (आयसीयू सिस्टर): वायर कटर, उशाशी, श्वास अडला तर तारा लगेच कापता याव्यात म्हणून. कुठल्या तारा कापायच्या ते सर्जनकडून आधीच दाखवून घे आणि हँडओव्हरमध्ये (पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना) सांग.