योसेमिटीजवळ या वीकेंडला टेंट लावायला जागा मिळेल का? सासूबाई आणि दोन मुलं सोबत

सानिकाची_आई (फ्रीमाँट), बुधवार संध्याकाळ

नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. पुढच्या आठवड्यात मुलांच्या शाळा सुरू होतायत आणि सासूबाई फलटणहून तीन महिन्यांसाठी आल्यात त्यांना अजून कुठेच नीट नेलेलं नाही, नवऱ्याची सुट्टी आज दुपारी मंजूर झाली, सोमवारपर्यंत मोकळा आहे. योसेमिटीला (इथलं कॅलिफोर्नियातलं नॅशनल पार्क) जायचंय आणि हॉटेल नको, टेंटच हवा, कारण सानिकाने (वय ८) शाळेत उल्कावर्षावाबद्दल वाचलंय आणि या आठवड्यात पर्सीड्स ऐन भरात असतात, तिला उघड्यावर झोपून बघायचंय. धाकटा ४ वर्षांचा. सासूबाई ६७, गुडघे दुखतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त, मी म्हटलं आई तंबूत झोपावं लागेल तर म्हणाल्या अगं मी सात वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालले, राहुटीत झोपायचं मला काय सांगतेस.

शिवाय मैत्रिणीचं चौघांचं कुटुंब पण येईन म्हणतंय, म्हणजे एकूण ९ जण. दरीतली (योसेमिटी व्हॅलीतली) तिन्ही पाइन्स कॅम्पग्राउंड्स बघितली, सगळीकडे लाल, म्हणजे भरलेली. शुक्रवार ते रविवार काही जमेल का? आम्ही आधी कधीच टेंट कॅम्पिंग केलेलं नाही. आसपास म्हणजे पार्कच्या बाहेर पण चालेल.

भटक्या_सॅनहोजे, बुधवार रात्री ९

जमू शकतं, पण आजची रात्र वाया घालवू नका. दरीतल्या साईट्स पाच महिने आधी १५ तारखेला सकाळी ७ ला उघडतात आणि काही मिनिटांत जातात, त्यामुळे आता तिथे जे मिळेल ते फक्त कोणीतरी सोडलेलं. आणि लोक कधी सोडतात ते बघा. रिक्रिएशन डॉट गव्ह वर (बुकिंगची सरकारी वेबसाईट) साईट कॅन्सल केली की १० डॉलर कापतात, पण यायच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी केली तर पहिल्या रात्रीचे पैसे पण जातात. म्हणजे ज्यांचं शुक्रवारचं बुकिंग आहे आणि ज्यांना जायचं नाहीये ते आज रात्रीपर्यंत सोडणार, शनिवारवाले उद्या. अलर्ट लावा, पण नुसत्या अलर्टवर बसू नका, मेल येईपर्यंत साईट गेलेली असते, स्वतः रिफ्रेश करत राहा. लॉगिन आणि कार्ड आधीच भरून ठेवा.

दरीचा हट्ट सोडा. ऑगस्टमध्ये दरीत गर्दी आणि ऊन दोन्ही असतं. हॉजडन मेडो, क्रेन फ्लॅट आणि वावोना या तीन ठिकाणी नजर ठेवा. हॉजडन तर तुमच्या रस्त्यावरच आहे, हायवे १२० ने गेलात की बिग ओक फ्लॅटच्या गेटला लागूनच, उंची साधारण ४,९०० फूट म्हणजे रात्री छान गारवा. सलग दोन रात्री नाही दिसल्या तर एकेक रात्र उचला. मी दोनदा असं केलंय, एक रात्र एका साईटवर, दुसरी दुसऱ्या, सकाळी टेंट तसाच उचलून चौघांनी चालत नेलाय.

आणि महत्त्वाचं, एका साईटवर जास्तीत जास्त ६ माणसं, त्यात लहान मुलंही मोजतात. ९ जणांना दोन साईट्स लागणार. इतक्या उशिरा एक मिळवणं हेच मोठं काम आहे, दोन शेजारी शेजारी विसरा. मैत्रिणीशी आजच स्पष्ट बोला, ज्याला जिथे मिळेल तिथे त्याने राहायचं आणि दिवसा भेटायचं, नाहीतर एकमेकांसाठी थांबता थांबता दोघांचंही जाईल.

मुक्ता_डब्लिन, बुधवार रात्री १०.३०

अगं सगळे तुला पूर्वेकडे जा म्हणतील, म्हणून आधीच लिहितेय. टायोगा पास (पार्कच्या पूर्वेची उंच खिंड) ओलांडून ली व्हायनिंगच्या बाजूला इन्यो नॅशनल फॉरेस्टची कॅम्पग्राउंड्स आहेत, एलरी लेक, बिग बेंड, ॲस्पेन वगैरे, तिथे बऱ्याच ठिकाणी बुकिंग नसतं, जो आधी येईल त्याला. खांबाजवळच्या पेटीतून पाकीट घ्यायचं, साईटचा नंबर लिहायचा, पैसे घालून लोखंडी नळीत टाकायचं आणि फाडलेली चिठ्ठी साईटच्या खांबाला लावायची. सुट्टे डॉलर जवळ ठेव. निघायच्या आधी ली व्हायनिंगच्या रेंजर ऑफिसला फोन करून काय चालू आहे ते विचार. गुरुवारी सकाळी पोचलीस तर मिळण्याची आशा, शुक्रवारी संध्याकाळी अजिबात नाही.

पण तुझ्या सासूबाई आणि चार वर्षांचं पोर बघता मी ॲस्पेन-बिग बेंडच्या वर जाऊ नको म्हणेन. ते दोन साडेसात हजार फुटांच्या वर आहेत, एलरी लेक साडेनऊ हजारांच्या आसपास. आम्ही मागे समुद्रसपाटीवरून निघून एका दिवसात एलरीला जाऊन झोपलो. रात्री दोनला लेकीचं डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या, ऑगस्ट असून टेंटच्या आतल्या बाजूला आमच्या श्वासाचं बर्फ झालं होतं, हात लावला की पातळ पापुद्रे खाली पडत होते तिच्या पांघरुणावर. पहाटे साडेतीनला सगळं तसंच टाकून गाडी खाली काढली. खाली उतरल्यावर तासाभरात ती हसायला लागली पण तो तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. शिवाय फ्रीमाँटहून तिकडे साडेपाच तास तरी धर.

टेंट विकत घेऊ नको. माझ्याकडे सहा जणांचा आहे, आणि एक घडीची कॉट आहे ती सासूबाईंना दे, गुडघेदुखीवाल्या माणसाला जमिनीवरून उठणं हेच सगळ्यात अवघड जातं, झोपणं नाही. उद्या सकाळी घेऊन जा. आणि घरामागे एकदा लावून बघ, अंधारात पहिल्यांदा लावायला घेतलास तर मुलं रडणार.

सह्याद्रीतून_सिएरात, गुरुवार सकाळी

वरच्या दोघांनी बरंच सांगितलंय. मी फक्त शेवटचा पर्याय सांगतो कारण तो कोणीतरी सुचवेलच. पार्कच्या बाहेर पश्चिमेला स्टॅनिस्लॉस आणि दक्षिणेला सिएरा नॅशनल फॉरेस्ट आहे, तिथे जंगलात कॅम्पग्राउंड नसलेल्या जागीही बऱ्याच भागात फुकट टेंट लावता येतो. पाणी नाही, संडास नाही, सगळं आपलं आपण, कचरा परत आणायचा. साधा गॅसचा स्टोव्ह पेटवायला पण कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट लागतं, ऑनलाइन फुकट मिळतं, आणि ऑगस्टमध्ये वणव्यांमुळे शेकोटीवर बहुतेक बंदीच असते, त्या आठवड्याचा नियम वाचून जा. मी स्वतः असाच राहतो आणि मला तेच आवडतं, पण आजींना रात्री बॅटरी घेऊन झाडामागे पाठवणं मला पटत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने संडास आणि नळ असलेलीच जागा घ्यावी. काहीच नाही मिळालं तर ग्रोव्हलँड, मॅरिपोसा बाजूची खाजगी कॅम्पग्राउंड्स किंवा हिपकॅम्पवर (खाजगी जागा भाड्याने देणारी वेबसाईट) कोणाच्या शेतातली जागा बघा, महाग पडते पण अंघोळ मिळते. गाडीत झोपू असं मनात आणू नका, पार्कमध्ये कॅम्पग्राउंडच्या साईटशिवाय गाडीत झोपायला परवानगी नाही.

आता अस्वलांचं. प्रत्येक साईटवर लोखंडी पेटी असते, तिच्या दाराला खाच असते, त्यात बोटं घालून आतली कडी दाबली की उघडते, अस्वलाचा पंजा त्यात जात नाही. वास येणारं सगळं त्यात. आपले लोक चिवडा-लाडू ठेवतात आणि टूथपेस्ट, सनस्क्रीन, खोबरेल तेल, बाळाचे वाइप्स टेंटमध्येच विसरतात. लोणच्याची बरणी सांडली असेल तर ती पिशवीसुद्धा पेटीत. मुलाच्या कारसीटच्या फटीतली बिस्किटं झाडून काढा, रात्री गाडीत खाणं ठेवायचं नाही. हे मी पोटतिडकीने सांगतोय कारण माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल पुढे धीट होतं आणि मग शेवटी त्यालाच मारावं लागतं, चूक आपली असते.

लाकडं घरून नेऊ नका, तिथेच घ्या, लाकडातून किडे जातात झाडांना. आणि एंट्रीला गाडीचं रिझर्वेशन लागतं का ते दर वर्षी बदलतं, पार्कच्या वेबसाईटवर आजच बघा.

सानिकाची_आई, गुरुवार रात्री

हॉजडन मेडो!! शनिवार-रविवार दोन रात्री मिळाल्या, दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी, मी भाजी परतत होते आणि नवरा ओरडला. शुक्रवार नाही मिळाला तर शुक्रवारी ग्रोव्हलँडला खाजगी जागेत राहतोय, त्यामुळे फक्त पुढचा थोडा प्रवास शनिवारी. मैत्रिणीला काहीच नाही मिळालं, ती ओकहर्स्टला मोटेलमध्ये राहणार. मुक्ता, टेंट घरामागे लावून झाला, सासूबाईंनी खुंट्या ठोकून दाखवल्या, म्हणाल्या दोरी अशी तिरकी ताणायची, वारा आला तर उडत नाही.

भटक्या_सॅनहोजे, गुरुवार रात्री

मस्त! एक राहिलं, ग्रोव्हलँडच्या आधी प्रीस्ट ग्रेडचा घाट लागतो, नवा रस्ता घ्या, वळणं खूप आहेत, धाकट्याला त्याआधी दूध पाजू नका. जुना रस्ता छोटा आहे पण फार खडा, येताना त्याने उतरलात तर ब्रेक तापतात. आणि शुक्रवारी दुपारी २ नंतर हायवे ५८० वर ट्रॅफिकमध्ये अडकाल, सकाळीच निघा.

सानिकाची_आई, मंगळवार

परत आलो, सगळे ठीक. धाकट्याने प्रीस्ट ग्रेडला उलटी केलीच, पण पिशवी तयार होती. शनिवारी टेंट लावून टुओलमी ग्रोव्हला गेलो, साधारण मैलभर उतार आहे आणि परत चढायचं असतं म्हणून सासूबाई आणि नवरा वरच बसले, मी मुलांना घेऊन सेक्वायाची प्रचंड झाडं बघून आले. रात्री गाडीची चटई पसरून आडवे पडलो, झाडांमधून आकाशाचा जेवढा तुकडा दिसत होता तेवढ्यात सानिकाने ११ उल्का मोजल्या, सासूबाईंनी १४, आणि दोघींचं त्यावरून सकाळपर्यंत चाललं होतं. कॉटमुळे त्यांना उठायला अजिबात त्रास झाला नाही.

मुक्ता, टेंट उन्हात वाळवून घडी केलाय, कॉट पुसून ठेवलीय. गुरुवारी संध्याकाळी सहा नंतर घरी आहेस का? सासूबाईंनी तुझ्यासाठी मेतकूट काढून ठेवलंय.