शब्दचर्चा : क्रेख्त्स म्हणजे हुंदका की कण्हणं? आणि क्लेझ्मरला वाजंत्री म्हणावं का?

काळी चार :
मंडळी, आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय आणि तीन शब्दांवर गाडी अडली आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. या उन्हाळ्यात मी जर्मनीत वायमारला ‘यिद्दिश समर’मधल्या एका वर्गाला आठवडाभर गेले होते. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नात जे वाद्यसंगीत वाजायचं ते, म्हणजे क्लेझ्मर, आणि त्याच्या जोडीला यिद्दिश, म्हणजे त्याच ज्यूंच्या भाषेतली, गाणी. मी व्हायोलिन शिकले ती आपल्या पद्धतीनं, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून. तिथं खुर्चीवर बसून हनुवटीखाली धरायची, त्यामुळे पहिला दिवस मानेतच गेला.

पण शिकवणं मात्र अगदी ओळखीचं निघालं. कागद नाही. बाई दोन मात्रांचा तुकडा वाजवणार, आपण तो परत करायचा. चुकलं तर त्या काही बोलत नाहीत, तोच तुकडा पुन्हा वाजवतात. सातव्या-आठव्या वेळी आपल्यालाच कळतं की आपण कुठं घसरतोय. माझ्या शेजारी बसलेला, ऑर्केस्ट्रात वाजवणारा मुलगा पार हवालदिल झाला होता, ‘नोटेशन कधी देणार?’ म्हणून. नोटेशन मिळालं शेवटच्या दिवशी जेवणानंतर, आणि तोवर कुणाला त्याची गरज उरली नव्हती.

आता अडचणी. एक, ‘क्लेझ्मर’ला मराठी शब्द आहे का? दोन, ‘क्रेख्त्स’ नावाचा एक अलंकार आहे, त्याला काय म्हणू? मी तूर्त ‘हुंदका’ लिहिलंय. तीन, ‘वर्कशॉप’. ‘कार्यशाळा’ लिहिलं की मला जिल्हा परिषदेचा फलक दिसतो.

बोरूबहाद्दर :
पहिल्याचं उत्तर सोपं आहे : वाजंत्री.

नुसती जुळवाजुळव करत नाही, व्युत्पत्ती बघा. हिब्रूत ‘क्ली’ म्हणजे साधन, उपकरण. त्याचं अनेकवचन समासात ‘क्ले’ होतं. ‘झेमेर’ म्हणजे गाणं. ‘क्ले झेमेर’ म्हणजे गाण्याची साधनं, अर्थात वाद्यं. यिद्दिशमध्ये येताना दोन शब्दांचा एक झाला आणि अर्थ वाद्यावरून वाजवणाऱ्यावर सरकला. एक क्लेझ्मर, अनेक क्लेझ्मोरिम. आता आपल्याकडे बघा. मोल्सवर्थच्या कोशात ‘वाजंत्र’ म्हणजे वाद्य (वाद्य आणि यंत्र मिळून झालेला शब्द) आणि ‘वाजंत्री’ म्हणजे ते वाजवणारा. मंगलाष्टकात ‘वाजंत्रे बहु गलबला न करणे’ म्हणतात तिथं वाद्यंच अभिप्रेत आहेत. पुढं ‘वाजंत्री वाजू लागली’ म्हणताना तोच शब्द त्या संगीतालाही लागला. वाद्य, मग माणूस, मग संगीत. दोन्ही शब्द एकाच वाटेनं चाललेत, एकमेकांना न भेटता. आणि दोघांचंही पोट लग्नावर.

ताशामर्फा :
बहाद्दर, शब्द चपखल आहे हे कबूल. पण तुम्ही तो कोशातून उचललात, आमच्या घरी तो दारातून आला. आजोबा सनई वाजवायचे. ‘वाजंत्री आले का?’ असं विचारायचे, ‘वादक आले का?’ असं कुणी कधी विचारलं नाही. मांडवात वाजवायचं, मांडवाबाहेर जेवायचं. गुरव, मांग, होलार, गावागणिक जात वेगळी, वागणूक साधारण तीच. त्या ज्यू वादकांचं काय होतं माहीत नाही, पण एका गोऱ्या शिबिरातल्या कौतुकाच्या लेखात हा शब्द घालण्याआधी विचार करा.

काळी चार :
ताशामर्फा, तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत, कारण वर्गात जे ऐकलं ते हेच. क्लेझ्मोरिमची घराणी असायची, बापाकडून मुलाकडे वाद्य जायचं, लग्न त्यांच्यावाचून व्हायचं नाही आणि तरी समाजात पत बेताची. अमेरिकेत गेलेल्या जुन्या वादकांना ‘क्लेझ्मर’ म्हटलेलं आवडायचं नाही. तो ज्याला नोटेशन वाचता येत नाही असा, गावठी. स्वतःला ते म्युझिशियन म्हणवायचे.

मग १९७०च्या दशकात अमेरिकेतली तरुण मुलं जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या शोधून त्यावरून हे संगीत पुन्हा वाजवायला लागली, आणि त्यांनी हाच शब्द अभिमानानं घेतला. क्लेझ्मर हे एका संगीतप्रकाराचं नाव म्हणून जगभर झालं ते त्यानंतर. म्हणजे आज जो शब्द महोत्सवाच्या पोस्टरवर झळकतो तो पन्नास-साठ वर्षांपूर्वी हिणवायला वापरत होते.

ताशामर्फा :
असं असेल तर वापरा. पण ही गोष्ट लेखात सांगून मग वापरा. नुसता शब्द टाकू नका.

हौशी :
छान चर्चा. एक भर घालू का? ज्यूंच्या शब्दाविना गायच्या धुनांना ‘निगुन’ म्हणतात ना? तो आपल्या ‘गुणगुण’शी संबंधित वाटतो. निगुन, गुणगुण. किंवा ‘निर्गुण’! शब्द नाहीत म्हणून निर्गुण.

बोरूबहाद्दर :
नाही हो. ‘निगुन’ हिब्रू ‘न-ग-न’ या धातूतून येतो, वाद्य वाजवणे, सूर काढणे. ‘गुणगुण’ हा आपला ध्वन्यनुकारी शब्द. आणि निर्गुण तर राहूच द्या, कुमार गंधर्वांचे चाहते अंगावर येतील.

काळी चार :
हौशी, व्युत्पत्ती चुकली तरी तुमचा कान बरोबर आहे. आमच्या वर्गाची रोज सकाळ निगुननंच सुरू व्हायची. ‘याऽ बा बम’, ‘आय दी दी दाय’ असले बोल, सगळे गोल उभे. हासिदी पंथाचे ज्यू ते भक्तीसाठी गातात, शब्द संपले की सूर पुढं जातो अशी समजूत. आपल्या आलापीतल्या नोमतोमची आठवण येते, पण निगुन सहसा एकट्यानं गायचा नाही, मेजाभोवती सगळ्यांनी मिळून गायचा. भजनातल्या धुनेच्या जवळचं काहीतरी. मी ‘निगुन’च ठेवणार आहे.

कुलाबा किनारा :
उशिरा वाचतोय. एक गोष्ट खटकली. वर ‘ज्यूंचं संगीत म्हणजे क्लेझ्मर’ असा सूर लागलाय, तो लेखात लागू देऊ नका. क्लेझ्मर हे अश्केनाझी ज्यूंचं, युक्रेन, मोल्दोवा, रुमेनिया, पोलंड या पट्ट्यातलं. आम्ही बेने इस्राएल, आमची मायबोली मराठी, आणि कोकणात आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणायचे, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. आमच्याकडे क्लेझ्मर कुणी ऐकलेलंही नव्हतं. आमच्याकडे मलिदा असतो, पोहे-खोबरं-फळांचं ताट मांडून ‘एलियाहू हनावी’ हे एलिया प्रेषिताचं गाणं गातात. आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आमच्या लोकांनी चक्क कीर्तन उचललं. अब्राहाम, मोशे, दावीद यांची आख्यानं मराठीत, ओवी-साकी-दिंडीत. माझ्या आत्याच्या वहीत अशी पदं होती, वरती चाल लिहिलेली : ‘चाल – अमुक पदाची’. नोटेशन तेवढंच.

काळी चार :
हे लेखात घेणारच. एका संध्याकाळी ‘तुमच्याकडे ज्यूंची गाणी आहेत का?’ असं विचारलं होतं एकानं, मी नुसती मान हलवली होती. आता लाज वाटतेय.

पंचमहाभूत :
तिसऱ्या शब्दाबद्दल. ‘शिबिर’ म्हणा, ‘वर्ग’ म्हणा, काही म्हणा. फक्त ‘छावणी’ म्हणू नका. कुठल्यातरी बातमीत ‘क्लेझ्मर छावणी’ वाचलं आणि चर्रर्र झालं. इंग्रजीत ‘कॅम्प’ सहलीलाही चालतो. मराठीत ज्यूंच्या संदर्भात ‘छावणी’ म्हटलं की वाचणाऱ्याला पुढचा शब्द ‘छळ’ ऐकू येतो. आणि वायमार म्हणजे तर नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीच्या पायथ्याशीच की.

काळी चार :
हो. एटर्सबर्ग टेकडीवर, गावापासून साधारण आठ किलोमीटर. आम्ही एका दुपारी बसनं गेलो. परत आल्यावर संध्याकाळी नाचाचा वर्ग होता, तो रद्द केला नाही. कुणी काही बोललं नाही. नाच झाला.

बोरूबहाद्दर :
‘तालीम’ का नको? उस्ताद, पुनरावृत्ती, कागद नाही, सगळं त्यात येतं.

काळी चार :
तालमीला वर्षं लागतात हो, हा आठवडा होता. आणि बहुतेक सगळी शिबिरं आठवडाभराचीच. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरात हेन्री सापोझ्निक आणि एड्रिएन कूपर यांनी १९८५ साली ‘क्लेझकॅम्प’ सुरू केलं, २०१४ पर्यंत चाललं, आणि ते तर उन्हाळ्यात नव्हे, डिसेंबरच्या थंडीत. नाताळाच्या सुट्टीत ज्यूंनी करायचं काय, याचं ते उत्तर! कॅनडात माँट्रियालच्या उत्तरेला ‘क्लेझकॅनडा’ १९९६पासून, ते ऑगस्टात. ‘उन्हाळी शिबिर’ म्हणते आणि सोडून देते. क्रेख्त्सकडे या ना कुणीतरी.

बोरूबहाद्दर :
यिद्दिशमध्ये ‘क्रेख्त्सन’ हे क्रियापद आहे. अर्थ रडणे नव्हे, कण्हणे. दुखण्यानं कण्हणे, आणि सतत कुरकुरत राहणाऱ्या माणसाचं ‘कण्हत-कुंथत’ही. तेव्हा ‘हुंदका’ चूक.

काळी चार :
पण ऐकायला हुंदक्यासारखाच लागतो की. इंग्रजी पुस्तकांतही बहुतेक हुंदकाच म्हणतात.

पंचमहाभूत :
वाजवतात कसा ते सांगा, मग ठरवू.

काळी चार :
व्हायोलिनवर असं : समजा पहिल्या बोटानं सूर धरलाय. सूर संपता संपता वरचं बोट, बहुतेक करंगळी, तारेला नुसतं शिवायचं, दाबायचं नाही. त्याच क्षणी गज थांबवायचा. पूर्ण सूर निघत नाही, वरच्या बाजूला एक चिरका ठिपका उमटतो आणि आवाज तुटतो. बाई म्हणायच्या, ‘बोट तव्याला लागल्यासारखं उचल.’ क्लॅरिनेटवर हेच घशानं हवा अडवून करतात. माझी पहिल्या दिवशीची चूक म्हणजे मी तो कणस्वर समजून वाजवत होते, गोड, पुढच्या सुराला जोडून. त्यांनी माझा गज हातानं धरून थांबवला. कण पुढं नेतो, हा अडवतो. आणि मुळात हे सगळे अलंकार सिनेगॉगमधल्या खाझनच्या, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्याच्या, गळ्यातून वाद्यांत आलेले. आपण ‘गायकी अंगानं वाजवणं’ म्हणतो ना, तेच.

पंचमहाभूत :
मग झालं तर. हुंदका आत ओढताना येतो, श्वास घेताना. तुम्ही सांगताय तो श्वास सोडताना मध्येच घसा आवळून तुटणारा आवाज आहे. आजारी माणूस कूस बदलताना करतो तो. कण्हणंच.

ताशामर्फा :
सनईत असं जिभेनं तोडतात. आमच्याकडं त्याला नाव नव्हतं. आजोबा म्हणायचे, ‘तिथं जरा दुखव.’

काळी चार :
‘तिथं जरा दुखव.’ हे मी चोरणार.

पंचमहाभूत :
आणखी एक विचारतो. त्या संगीतात भैरवसारखं काही ऐकू येतं, ते काय?

काळी चार :
‘फ्रेगिश’ म्हणतात, किंवा ‘अहावा राबा’, एका प्रार्थनेच्या पहिल्या दोन शब्दांवरून. रे कोमल, ग शुद्ध, ध आणि नी कोमल. म्हणजे सरगम लिहिली तर तंतोतंत बसंतमुखारी. मी जोशात येऊन वर्गात बसंतमुखारीची आलापी वाजवून दाखवली, लोक खूश झाले. बाई हसून म्हणाल्या, सूर तेच आहेत, पण तू घाईत नाहीस. तिथं सा च्या खाली उतरताना कधी कधी धैवत चढा होतो, आणि मुक्काम फार लहान. नाचणाऱ्याचा पाय वर आहे, तो खाली टेकायच्या आत वाक्य संपलं पाहिजे.

बोरूबहाद्दर :
शेवटचा मुद्दा, लेखनाचा. ‘क्रेख्त्स’ हे जोडाक्षर छापखान्यालाही वाचकालाही जड. यिद्दिशमधला ‘त्स’ म्हणजे आपला दंतमूलीय च. चटणीतला च, चहातला नव्हे. ‘क्रेख्च’ लिहा. इंग्रजीला ही सोय नाही, आपल्याला आहे.

हौशी :
पण वाचणारा चहातला च म्हणणार!

बोरूबहाद्दर :
चटणी वाचताना म्हणतो का?

काळी चार :
परिच्छेद असा झालाय, बघा : ‘क्लेझ्मर म्हणजे मुळात वाद्य, मग ते वाजवणारा वाजंत्री, आणि आता ते संगीत. यातला सगळ्यात अवघड अलंकार क्रेख्त्स, म्हणजे सुराच्या शेवटी घेतलेला एक छोटा कण्ह.’ (च बद्दल माफी, संपादकांनी त्स ठेवायला सांगितलंय.)

पंचमहाभूत :
‘छोटा कण्ह’? छोटी कण्ह ना? ‘कळ’सारखं.

ताशामर्फा :
‘कण्ह’ असं नाम मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पण ठेवायचं तर स्त्रीलिंगी. कळ, चमक, उसण, दुखणाऱ्या गोष्टी सगळ्या बायकी आहेत मराठीत.

कुलाबा किनारा :
ठणका?