होम फोल्डर नव्या पार्टिशनवर न्यायचंय, कसं न्यावं?

जक्कार्ड_सातरस्ता: लिनक्स मिंट आहे. टॉवेल-चादरींच्या डिझाईनी साठून रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टीम असलेला भाग) काठोकाठ भरलंय. होममध्ये (माझ्या सगळ्या फायली-सेटिंगांचं फोल्डर) १८० जीबी. पडून असलेली जुनी हार्डडिस्क जोडून ५०० जीबीचं ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टीम) पार्टिशन पाडलंय. परवानग्या, मालकी, तारखा जशाच्या तशा तिकडं न्यायच्यात. खर्च शून्य, आधीच सांगतो.

नवीपेठ_नाना: एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) घे. मी एक टीबीचा टाकला, मशीन पळतंय नुसतं.

जुळेसोलापूरकर: सीपी -ए (कॉपीची कमांड), रूट म्हणजे अ‍ॅडमिन होऊन. विषय संपला. फक्त आपल्या फोल्डरात शिरून फुली (*) देऊ नका, टिंबानं सुरू होणाऱ्या फायली मागं राहतात. माझे फायरफॉक्सचे सगळे बुकमार्क तसेच गेले.

शेंगाचटणी: आरसिंकच (कॉपीचीच दुसरी कमांड). आमच्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही. अर्धवट राहिलं तर तीच कमांड परत द्यायची, उरलेलंच जातं. आरसिंकला नुसत्या -ए नं हार्डलिंक (एकाच फायलीची अनेक नावं) आणि एसीएल (जादा परवानग्या) येत नाहीत, पुढं मोठे एच, ए, एक्स (-HAX) लावा. आणि सोर्सच्या शेवटी तिरकी रेघ (/)! विसरलात की होमच्या पोटात होम.

नवीपेठ_नाना: लाईटचं असेल तर यूपीएस घे की.

जुळेसोलापूरकर: हार्डलिंक सीपी -ए नं येतात ओ.

शेंगाचटणी: नाही कोण म्हणालं? मी आरसिंकचं बोलतोय.

गड्डा_रिटर्न: माझं ऐका. कॉपी केलं, एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं ती फाइल) यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) टाकला, रीबूट केलं. चाललं झकास, पण रूट भरलेलंच! दोन दिवस डोकं खाजवलं. जुनं होम जागेवरच होतं, नवं त्याच्यावर माउंट होऊन, म्हणजे जोडलं जाऊन, ते झाकलं गेलेलं. चादरीखाली चादर. आधी जुन्याचं नाव बदला, तिथं रिकामं होम करा, आठवडाभर चालवून बघा, मग जुनं उडवा. आणि हे लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्यावरूनच लिनक्स चालवून), डेस्कटॉप चालू ठेवून नको.

जुळेसोलापूरकर: सीपी -ए च म्हणतोय मी.

नवीपेठ_नाना: चादरीवरून आठवलं, पुतणीच्या लग्नात द्यायला दहा जोड पाहिजेत. भाव काय लावशील?

जक्कार्ड_सातरस्ता: सगळं वाचलं. डीयूनं (फोल्डर किती जागा खातं ते सांगणारी कमांड) मोजलं तर १८० पैकी १५५ नुसत्या डिझाईनीच. म्हणून होम हलवलंच नाही. तेवढं एक फोल्डर आरसिंकनं नेलं, चेकसम लावून (दोन्हीकडचा मजकूर तोच आहे ना ते) परत पडताळलं, जुनं उडवलं, जागेवर सिमलिंक (नव्या जागेकडं नेणारी लिंक) ठेवली. एफएसटॅबमध्ये एक ओळ, बास. नाना, भावाचं इनबॉक्समध्ये बोलू.

शेंगाचटणी: म्हणजे आता डिझाईनींची एकच प्रत, तीही जुन्या हार्डडिस्कवर?

नवीपेठ_नाना: म्हणून म्हणालो बे, एनव्हीएमई घे.